वार लावून घ्या : विशेष मुलांच्या आईबापांनी स्वतःला सांभाळायचं कसं

पावसाळ्यात सांगलीतला माणूस डोळे उघडले की आधी आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी विचारतो. किती फूट झालं? कोयनेतनं किती सोडलंय? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं, त्यानंतर तर गल्लीतल्या पोरांनाही हे आकडे पाठ झाले. अशा गावात राहून मी सहा वर्षं स्वतःच्या घरातलं पाणी कितीवर आलंय ते एकदाही पाहिलं नव्हतं.

माझा मुलगा आता १३ वर्षांचा आहे. स्वमग्न (ऑटिझम) आहे, बोलायला मोजून दहा-बारा शब्द. तो चार वर्षांचा असताना मिरजेत निदान झालं. पुढची सहा वर्षं थेरपी, शाळा, दवाखाना आणि प्रमाणपत्राच्या रांगा यांत गेली. त्याच्या दहाव्या वर्षी एका संध्याकाळी त्याला अंघोळ घालताना मला त्याच्या दंडावर पाच बोटांचे वळ दिसले. बोटं माझी होती. सकाळी दप्तर भरताना कधीतरी मी त्याला धरलं होतं आणि मला ते आठवतही नव्हतं.

“स्वतःसाठी थोडा वेळ काढा” हे तोवर मला डॉक्टरांनी, थेरपीच्या ताईंनी, माहेरच्यांनी, सगळ्यांनी सांगून झालं होतं. कुठून काढायचा ते कुणी सांगत नव्हतं. वेळ काय माळ्यावर ठेवलेला असतो, शिडी लावली की हाताला लागेल? खाली लिहिलंय ते गेल्या तीन वर्षांत करून, चुकून, परत करून जमलेलं आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या घरी सेरेब्रल पाल्सी असेल, डाउन सिंड्रोम असेल, फिट्स असतील. प्रत्येक घराचा दिवस वेगळा, तेव्हा तपशील बदलून घ्या. क्रम मात्र शक्यतो हाच ठेवा आणि पहिल्या आठवड्यात पहिल्या पायरीच्या पुढं जाऊ नका.

पहिली पायरी : रोजची पातळी लिहा

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज रात्री त्या तारखेच्या चौकटीत एक आकडा लिहायचा. आज आपलं पाणी किती फुटांवर होतं? तीस-पस्तीस म्हणजे नेहमीची दमणूक. ४० म्हणजे इशारा. ४५ म्हणजे धोका.

आकडा अंदाजे लिहिला तर चार दिवसांत कंटाळा येतो, म्हणून आपल्या खुणा आधी ठरवाव्या लागतात. माझ्या ४० फुटांच्या खुणा अशा: भाजीत मीठ दोनदा पडतं, शाळेचा फोन वाजला की पोटात गोळा येतो, मुलाला कपडे घालताना हात जरा जोरात लागतो. ४५ ला मी न्हाणीत नळ सोडून बसते किंवा “एकदाचं मरू दे सगळं” असं तोंडातून जातं. ह्यांच्या खुणा निराळ्या. कुपवाडच्या कारखान्यातून सुटल्यावर हे घराखाली गाडीवर अर्धा-अर्धा तास बसून राहतात, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. आपल्या खुणा आपल्याला शेवटी कळतात, घरातल्या कुणाला तरी सरळ विचारा, “मी बिघडायला लागले की तुला आधी काय दिसतं?” उत्तर ऐकून चिडू नका. मी चिडले होते.

आठवडाभराने मागं वळून बघायचं, पण आकड्याकडं नाही, त्याच्या सहा-आठ तास आधी काय झालं होतं त्याकडं. सांगलीत चढणारं पाणी वरच्या अंगाला आधीच सुटलेलं असतं. संध्याकाळी सात वाजता मी मुलावर ओरडते ते त्याने ताट सांडलं म्हणून, असं मला वाटायचं. मागं वळून बघितल्यावर वेगळंच दिसलं. ज्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन येतो आणि ती तिच्या मुलाच्या क्लासचं, मार्कांचं सांगते, त्या दिवशी संध्याकाळी ताट सांडलेलं चालत नाही. बहिणीचं काही चुकत नाही. पण आता मी तिचा फोन सकाळी घेत नाही, दुपारी मुलगा शाळेत असताना मीच करते.

मग ४० ला काय करायचं ते बरं असतानाच लिहून ठेवा. इशारा आला म्हणून कुणी गाव सोडत नाही, सामान माडीवर चढवतो. आमच्या फ्रिजवरच्या कागदावर ४० फुटांसाठी तीन गोष्टी आहेत: रात्रीला खिचडी, थेरपीचा घरचा अभ्यास आज बंद, नणंदेला “चाळीस” एवढाच मेसेज. एवढ्यावरून ती समजते. घरचा अभ्यास एक दिवस बुडाला तर मूल मागं पडत नाही, हे मला पटायला फार वेळ लागला. ४५ ची सोय पुढं रागाच्या भागात सांगते.

दुसरी पायरी : दुःखाला घरात जागा द्या

“तुम्ही अजून स्वीकारलेलं दिसत नाही,” असं एका समुपदेशकबाईंनी मला सुनावलं होतं. निदानाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. मला वाटलं, यातही आपण नापास.

फार नंतर वाचनात आलं की १९६२ सालीच सायमन ओल्शान्स्की या अमेरिकी अभ्यासकाने याला उत्तर देऊन ठेवलंय. त्याने या दुःखाला जुनाट दुःख म्हटलं. जुनाट दमा असतो तसं. ते जात नाही, अधूनमधून उसळी मारतं, आणि तो आईबापांचा मानसिक दोष नसून अशा परिस्थितीत येणारी साहजिक भावना आहे, असं त्याचं म्हणणं होतं. “स्वीकारा, स्वीकारा” म्हणून पालकांच्या मागं लागणाऱ्या तज्ज्ञांनाच त्याने बोल लावला. हे वाचलं त्या दिवशी मी दुपारी दोन तास झोपले.

उसळी कधी येते ते बऱ्याचदा ठरलेलं असतं. जूनमध्ये गल्लीतली पोरं नवी दप्तरं घेऊन निघतात तेव्हा. दहावीच्या निकालाला. भाच्याच्या मुंजीत. त्याच्या बरोबरीचा मुलगा आईला “अगं, आज उशीर होईल” म्हणून सांगतो तेव्हा. असे दिवस वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या दिवशी दुसरं जड काम ठेवू नका. कार्याला गेलंच पाहिजे असेल तर जेवायला जा, अक्षतांना नको. न गेल्याने नाती तुटत नाहीत. तुटली तर ती तशी पातळच होती.

एक साधन सांगते, फुकट आहे. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. मनातलं सगळं ओतून लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. लिहून झाल्या-झाल्या मात्र त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं होतं. हे माहीत असू द्या, नाहीतर पहिल्याच दिवशी वही फेकाल. मूल झोपल्यावर दार लावून लिहा. शुद्धलेखन, व्याकरण सोडा. “हे मूल मला झालंच नसतं तर” हेही लिहा. माझ्या ओळखीतल्या बहुतेक आयांच्या मनात हे कधी ना कधी येऊन गेलंय, आणि त्याच आया रात्री तीनदा उठून पोराचं पांघरूण बघतात. पाचव्या दिवशी पानं फाडून टाका. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेवढं टाकू नका.

तिसरी पायरी : वार लावा

सगळ्या लेखाचं ओझं या पायरीवर आहे. बाकीचं नाही जमलं तरी चालेल.

शिकायला शहरात आलेला गरीब मुलगा पूर्वी वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सातही दिवसांचं जेवण कुठल्याच घरावर पडत नसे आणि मुलगा उपाशी राहत नसे. आपल्याला जेवण नको, एक-एक तास हवाय. पण मागायची रीत तीच.

आधी यादी करा. कोण किती प्रेमाचं आहे ते बघू नका. कोण जवळ राहतं, कुणाला बघून मूल घाबरत नाही आणि कोण शब्दाला पक्कं आहे, एवढंच बघा. माझ्या यादीत आत्या म्हणजे सासूबाई, धाकटी नणंद, शेजारच्या काकू आणि कॉलेजात मानसशास्त्र शिकणारी एक मुलगी आली. मुलीला तासाचे पैसे देतो. सख्खा भाऊ यादीतून गेला, कारण तो येतो आणि सल्ले देतो.

मग मागणं. “कधीतरी येत जा ना” याला सगळे “हो, हो” म्हणतात आणि कुणी येत नाही. त्यांचंही खरंय, “कधीतरी” हा वार कुठल्या पंचांगात नाही. मी नणंदेला असं म्हटलं: “ताई, दर बुधवारी साडेपाच ते साडेसहा तुम्ही याच्याजवळ बसायचं. पुढचे दोन महिने. मी घरीच असेन, काय करायचं ते लिहून देईन. नाही जमणार असेल तर आत्ताच सांगा, मला वाईट वाटणार नाही.” वार, वेळ, मुदत आणि नाही म्हणायची मोकळीक, चारही त्यात असू द्या. मुदत फार महत्त्वाची. जन्माचं मागितलं की माणूस दचकतो.

लोक मदत करत नाहीत ते दुष्टपणापेक्षा भीतीने. मूल किंचाळलं तर काय करायचं ते त्यांना माहीत नसतं. त्यासाठी एक वही करा, दोन पानांहून मोठी नको. आमच्या वहीत आहे ते असं:

पाणी हवं असेल तर तो हात ओढत फ्रिजपाशी नेतो.
कुकरची शिट्टी व्हायच्या आधी त्याला सांगायचं, नाहीतर कान झाकून ओरडतो.
ओरडायला लागला तर बोलायचं नाही. पंखा तीनवर, दिवा बंद, चादर द्यायची, बाजूला बसायचं. दहा मिनिटांत उतरतं.
मनगट चावायला लागला तर हात ओढायचा नाही, रबरी कडं पुढं करायचं.
बिस्किटं तीनच. चौथं मागेल, खोटं रडेल, द्यायचं नाही.
दाराची वरची कडी लावलेलीच हवी.
फोन नंबर, औषध, डॉक्टर.

ज्यांच्या मुलांना फिट येते त्यांनी पहिल्या ओळीत ते लिहा: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या पुढं गेली तर दवाखाना.

मूल दुसऱ्याच्या हाती देणं हे सायकल शिकवण्यासारखं आहे, एकदम हात सोडला की पडतं. पहिले दोन बुधवार मी स्वयंपाकघरात होते, ओट्यापाशी, दिसेल अशी. पुढचे दोन आतल्या खोलीत. मग गच्चीवर. मग खाली. गच्चीवरच्या पहिल्याच बुधवारी फजिती झाली. बाराव्या मिनिटाला फोन आला, मी धावत खाली आले तर मुलाने स्वतःला चावून घेतलेलं आणि नणंद भिंतीला टेकून रडत होती. महिनाभर सगळं बंद पडलं. हे होणारच नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

चूक माझी होती. तो खेळत असताना मी चोरपावलांनी निसटले होते. रडेल म्हणून न सांगता जायची सवय आपल्या सगळ्यांना असते आणि मुलाला त्यातून एवढंच कळतं की आई कधीही नाहीशी होऊ शकते. थेरपीच्या ताईंनी मग दोन चित्रं करून दिली, एकात आई दाराबाहेर, एकात आई दारातून आत. जाताना पहिलं त्याच्या हातात द्यायचं, आल्यावर दुसरं. पहिल्यांदा दोनच मिनिटांसाठी गेले. बोलणाऱ्या मुलांना शब्दांत सांगा, पण सांगा.

एक कडू गोष्ट इथंच सांगायला हवी. जे मूल घडलेलं सांगू शकत नाही त्याच्याजवळ कुणालाही बसवू नये. माणूस ओळखीचा, जागा शक्यतो आपलंच घर, खोलीचं दार उघडं, आणि अधूनमधून आपण ठरल्या वेळेच्या आधी परत यायचं. अंघोळ आणि कपडे बदलणं वारकऱ्याकडं द्यायचं नाही. (वार घेणारा म्हणून आमच्या घरात यांना वारकरीच म्हणतात, आत्यांनी सुरू केलं.) ही अट आधीच सगळ्यांना सारखी सांगितली की कुणाला टोचत नाही.

आणि तो तास मिळाल्यावर? बँक नाही, रेशन नाही, कपाट आवरणं तर मुळीच नाही. पहिल्या मोकळ्या बुधवारी मी पार्किंगमध्ये स्कूटीवर चाळीस मिनिटं नुसती बसले. कुठं जायचं तेच सुचेना. दुसऱ्या बुधवारी हरभट रोडवरून फिरून भडंगाचा पुडा घेतला आणि उभ्याने खाल्ला. दोन महिन्यांनी हरिपूरला संगमावर गेले. कृष्णा आणि वारणा मिळतात तिथं घाटावर बसून मैत्रिणीशी तिच्या ऑफिसातल्या भांडणांबद्दल बोलले. मुलाचं नाव निघालं नाही. अपराधी वाटतं, पहिले पाच-सहा वार हमखास वाटतं. वाटू द्या आणि तरी जा.

याने होतं काय असं हे विचारायचे. त्यांना मी एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांचा २००४ चा अभ्यास सांगितला. ब्लॅकबर्नबाईंना पुढं २००९ साली नोबेल मिळालं. दीर्घ आजारी मुलांना सांभाळणाऱ्या आयांच्या पेशी त्यांनी तपासल्या. गुणसूत्रांच्या टोकाला टोपणासारखा भाग असतो, वय वाढतं तसा तो झिजतो. सांभाळण्याची वर्षं जितकी जास्त तितकी झीज जास्त दिसली. पण मूल आजारी आहे एवढ्यावरून आया आणि इतर बायका यांच्यात फरक निघाला नाही. निघाला तो ताण किती जाणवतो यावरून. निदान बदलणं आपल्या हाती नाही, जाणवणारं ओझं थोडं वाटून देता येतं. हे त्या दिवसापासून शनिवारची सकाळ घेतात.

घरातली दोन माणसं

मुलाची कामं “मदत” म्हणून वाटू नका. मदत करणारा विचारत राहतो, “काय करू?” आणि ते सांगणंही आपलंच काम होतं. अख्खं काम द्या. आमच्याकडं औषधं, शाळेची फी आणि सगळी सरकारी कागदपत्रं ह्यांच्याकडं आहेत. औषध संपलं तर ते माझ्या लक्षात यायची गरज नाही. एकदा संपलं. मी गप्प बसले, हे रात्री मिरजेपर्यंत जाऊन घेऊन आले. परत संपलं नाही.

बापलोकांना एक विनंती. तुम्ही रडत नाही, ओव्हरटाइम घेता. घरातल्या बाईला त्यातलं दुःख दिसत नाही, फक्त रिकामी खुर्ची दिसते. महिन्यातून एकदा रजा टाकून थेरपीला स्वतः घेऊन जा, बायकोला बरोबर न घेता.

रात्री जेवणानंतर वीस मिनिटं मुलाचा विषय बंद असा नियम आम्ही केला. पहिले काही दिवस आम्हाला बोलायला काहीच नव्हतं. मग हे कारखान्यातल्या एका सुपरवायझरच्या नकला करायला लागले.

दुसरं मूल असेल तर तेही एक वार मागतंय असं समजा. त्याने मागितलं नाही तरी.

राग आला तर, त्या दोन मिनिटांत

४५ फूट. हात उठतोय असं वाटलं की आधी मुलापासून दोन हात मागं व्हा. घरात दुसरं माणूस असेल तर एकच ठरलेला शब्द बोला. आमचा “घे”. घे म्हटलं की दुसऱ्याने कारण न विचारता मूल घ्यायचं. कुणाचं चुकलं ते उद्या. एकटे असाल तर मुलाला सुरक्षित जागी बसवा, गॅस बंद करा, आणि दारापर्यंत जा, दार ओलांडू नका. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडं लक्ष द्या: चार मोजून आत, सहा-सात मोजून बाहेर, दहा वेळा. श्वास लांब सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, त्याला श्रद्धा लागत नाही. मनगटावर गार पाणी घ्या.

हात उठलाच तर? नंतर मुलाजवळ जाऊन बसायचं, “आई चुकली” म्हणायचं. त्याला शब्द कळतात का हा प्रश्न बाजूला ठेवा, आवाज कळतो. आणि कॅलेंडरवर खरा आकडा लिहायचा. आठवड्यात दोनदा ४५ आला तर तो गुन्ह्याचा दाखला मानू नका. वार कमी पडतायत, एवढाच त्याचा अर्थ.

लोकांची तोंडं

“जोतिबाला घालून आणलं का?” “पोटुशी असताना ग्रहणात काय चिरलं होतंस का?” “काय ओ, मोबाईल दिला असेल लहानपणी.” प्रत्येकाला शास्त्र समजावत बसलं की दिवस संपतो. मी तीन उत्तरं पाठ केलीत. अनोळखी माणसाला: “त्याचा मेंदू वेगळ्या पद्धतीने चालतो. घाबरू नका, तो ठीक आहे.” नातेवाइकाला: “डॉक्टरांचं चालू आहे. तुम्ही येत्या गुरुवारी तासभर याच्याजवळ बसाल का?” (सल्ले देणारे याने झपाट्याने कमी होतात आणि एखादा खरंच येतो.) दोष देणाऱ्याला: “हे मी पुन्हा ऐकून घेणार नाही.” तिसरं म्हणताना आवाज कापतो. कापू द्या.

आत्यांनी एकदा मला न सांगता देवऋषाकडून अंगारा आणला होता. भांडण करणार होते, मग लक्षात आलं, म्हातारीला दुसरं काय करायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. तिला मंगळवार दिला. अंगारा देव्हाऱ्यात आहे, औषधाच्या जागी नाही.

शरीराचं थोडक्यात

ज्याला मी दुःखाचा थकवा समजत होते त्यातला निम्मा हिमोग्लोबिनचा निघाला, नऊ होतं. वर्षातून एकदा रक्त, थायरॉइड, बी १२, साखर, बीपी तपासून घ्या. मुलाच्या अपॉइंटमेंटच्या दिवशीच स्वतःचं रक्त देऊन टाका, वेगळा दिवस कधी निघत नाही. मुलाला उचलावं लागत असेल तर फिजिओथेरपिस्टकडून उचलायची पद्धत शिका. कंबर गेली की सगळेच बसतात. झोपेत मूल उठवत असेल तर एकाआड एक रात्र वाटून घ्या आणि ज्याची सुट्टी त्याने दुसऱ्या खोलीत झोपा.

रात्री दोनचा प्रश्न

आपल्या मागं याचं काय? या भीतीला धीराचे शब्द पुरत नाहीत. कागद थोडेफार पुरतात. म्हणून महिन्याला एक कागद असं ठरवा.

पहिला, यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र. पुढची बहुतेक दारं त्याने उघडतात. दुसरा, निरामय. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट झाला, त्याची ही आरोग्यविमा योजना. एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो, नूतनीकरण दरवर्षी करायला विसरू नका. तिसरा, पालकत्व. मूल १८ चं झालं की कायद्याने सज्ञान होतं आणि आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. याच कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमून देते. चौथा, मृत्युपत्र, वकिलाला मुलाची स्थिती नीट सांगून केलेलं. यूडीआयडीसाठी आम्ही एका कार्यालयात चार खेपा घातल्या, त्यातली एक साहेब जेवायला गेले म्हणून. तरी कार्ड हातात आलं त्या रात्री मी सलग सहा तास झोपले.

डॉक्टरची वेळ

दोन प्रश्न स्वतःला विचारा. गेल्या दोन आठवड्यांत, पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत मन लागेनासं झालंय का? उदास, निराश वाटतंय का? यातल्या एकालाही “जवळजवळ रोज” असं उत्तर येत असेल तर वार लावून भागणार नाही, मानसोपचाराचे डॉक्टर लागतात. मीही आठ महिने गोळ्या घेतल्या. झोपाळू झाले नाही, सवय लागली नाही, कमी कशा करायच्या ते डॉक्टरांनीच सांगितलं.

आणि आपण आणि मूल, दोघांनीही संपून जावं, असा विचार एकदाही आला तर तो आकडा ४५ च्या किती वर आहे ते मोजत बसू नका. त्याच मिनिटाला कुणाला तरी जवळ बोलवा आणि १४४१६ लावा. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस, मोफत, मराठीतून बोलता येतं. नाव सांगावं लागेल म्हणून थांबू नका. तुम्ही पहिले नाही.

वार फिरवणं

सगळ्यांच्या गावात नणंद नसते. ज्यांचं कुणीच नाही त्यांनी शाळेच्या दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या आईला विचारावं. आपल्या मुलांबद्दल तिला वही कमी वाचावी लागते. पण एकदम दोन मुलं एका आईकडं ठेवायची घाई नको; आधी तिघं-चौघं मिळून दोन-तीनदा बसा, मुलांना एकमेकांच्या आवाजाची सवय होऊ द्या. कुणी दांडी मारली तर बोलून दाखवा, मनात ठेवलं की सगळी साखळी सुटते. पावसाळ्यात आमचे वार तुटतात, ऑगस्टात तर दोन-दोन आठवडे. तेव्हा फोनवर आकडे तेवढे कळवतो.

गेल्या दिवाळीपासून शुक्रवार माझा आहे. विश्रामबागेतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीजवळ मी साडेचार ते सहा बसते. तिला कुकरची शिट्टी आवडते, रिकामा कुकर घेऊन तोंडाने शिट्ट्या मारायच्या असतात, सातच, आठवी झाली तर सगळं पहिल्यापासून. तिची आई त्या वेळात कुठं जाते ते मी विचारत नाही.